संगणकीय वाद्यवृंद : संहिता, साधन आणि अवकाश

पाश्चात्त्य वाद्यवृंदसंगीतात लिखित संहिता आणि तिचा प्रयोग यांच्यामध्ये वादक, संचालक व सभागृह असे तीन घटक उभे असतात. चित्रपट व दूरचित्रवाणी यांसाठी संगीतरचना करणाऱ्यांच्या कामात गेल्या काही दशकांत या तिहींची जागा पुष्कळदा संगणकांनी, आणि तीही एकाहून अधिक संगणकांनी, घेतलेली दिसते. ही विभागणी का करावी लागली, ती कशी चालते आणि संहितेच्या अभ्यासकाला तिच्यातून कोणते प्रश्न मिळतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ध्वनिनमुना म्हणजे प्रत्यक्ष वादकाने वाजवलेल्या एकेका स्वराचे ध्वनिमुद्रण. व्हायोलिनचा एकच स्वर मंद, मध्यम व तीव्र. सलग गजाने, तुटक किंवा बोटाने छेडून, असा अनेक परींनी मुद्रित करावा लागतो. सेकंदाला ४४,१०० मापे या गतीने घेतलेल्या २४ बिटांच्या स्टिरिओ ध्वनीला दर सेकंदास सुमारे २.६५ लाख बाइट लागतात. म्हणजे दहा सेकंदांचा एक स्वर २६ लाख बाइटांहून अधिक जागा व्यापतो. १९९८ साली आलेल्या गिगासॅम्पलर या प्रणालीने यावर तोड काढली. प्रत्येक नमुन्याचा केवळ आरंभ रॅममध्ये ठेवायचा आणि उर्वरित भाग स्वर वाजत असतानाच हार्ड डिस्कवरून वाचायचा. तथापि प्रत्येक आरंभास ६४ किलोबाइट धरले, तरी दहा हजार नमुन्यांना सुमारे ६५ कोटी बाइट रॅम हवी. ३२ बिटांच्या संगणकाची पत्ता-मर्यादा ४ गिगाबाइटची. विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमच्या वाट्याला सामान्यतः त्यातील निम्मीच येई. साहजिकच तंतुवाद्ये एका संगणकावर, सुषिरवाद्ये दुसऱ्यावर, तालवाद्ये तिसऱ्यावर अशी वाटणी रूढ झाली.

या यंत्रांना आज्ञा देणारा संगणक संचालकासारखा असतो. तो ध्वनी नव्हे, तर कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने वाजवावा एवढाच निरोप पाठवतो. त्यासाठीच्या १९८३ च्या मिडी संकेतप्रणालीत एका तारेवर १६ वाहिन्या आणि सेकंदाला ३१,२५० बिट एवढीच क्षमता आहे. एका स्वराच्या निरोपास जवळजवळ एक मिलिसेकंद लागत असल्याने दहा स्वरांचा मेळ एकाच तारेवरून पाठवल्यास शेवटचा स्वर नऊ-दहा मिलिसेकंद मागे पडू शकतो. म्हणून विभागागणिक वेगळी तार योजली जाई. शिवाय निरनिराळ्या यंत्रांचा ध्वनी डिजिटल रूपात एकत्र आणायचा, तर त्यांनी एकाच घड्याळाची गती पाळणे आवश्यक असते. अन्यथा ध्वनीत खटके उमटतात. पुढे आलेल्या व्हिएन्ना आँसांब्ल प्रो या प्रणालीने निरोप आणि परतणारा ध्वनी हे दोन्ही संगणकजाळ्याच्या तारेवरून नेण्याची सोय केली.

निनादाचा प्रश्न निराळा आहे. २००१ साली ऑडिओ ईझ या डच संस्थेने आणलेल्या आल्टिव्हर्बसारख्या साधनात प्रत्यक्ष सभागृहाचा ध्वनिप्रतिसाद मुद्रित केलेला असतो आणि संवलन या गणिती क्रियेने तो वाद्यध्वनीवर आरोपित केला जातो. तीन सेकंदांच्या प्रतिसादात १,३२,३०० मापे असतात. ही क्रिया सरळ मार्गाने केल्यास एका वाहिनीसाठी दर सेकंदाला सुमारे ५८३ कोटी गुणाकार करावे लागतील. जलद फूरिये रूपांतरामुळे हा भार पुष्कळ हलका होतो, तरीही तो स्वतंत्र यंत्रावर सोपवण्याची प्रथा पडली. त्यामागे सौंदर्यदृष्टीही आहे. प्रत्येक विभागाला वेगळा निनाद दिला, तर वादक निरनिराळ्या खोल्यांत बसल्याचा भास होतो. सर्वांना एका अवकाशात आणायचे, तर मूळ नमुने शक्य तितके निनादविरहित हवेत आणि निनाद शेवटी, एकत्र मिळायला हवा.

आज ६४ बिटांचे संगणक, विपुल रॅम आणि जलद एसएसडी यांमुळे पुष्कळ रचना एकाच यंत्रावर पेलता येतात. मोठ्या मांडणीसाठी मात्र अनेक यंत्रांची पद्धत अजून टिकून आहे. येथेच पाठचिकित्सेशी संबंधित प्रश्न उद्भवतो. मुख्य संगणकावर जतन केलेल्या संचिकेत केवळ आज्ञा असतात. नाद अन्य यंत्रांत, अवकाश आणखी एका यंत्रात. गिगासॅम्पलरची उत्तराधिकारी प्रणाली गिगास्टुडिओ २००८ मध्ये बंद झाली. तिच्यावर बेतलेल्या संचिका उरल्या, तरी त्यांचा मूळ नाद जुनी यंत्रे चालू असेपर्यंतच सहज ऐकता येतो. हस्तलिखित शाबूत आणि लिपी मात्र विस्मृत, अशातलाच हा प्रकार होय.

म्हणून अशा रचनेचे जतन करताना आज्ञांची संचिका, प्रत्येक विभागाचे निनादरहित ध्वनिमुद्रण आणि अंतिम निनादयुक्त रूप ही तिन्ही ठेवणे इष्ट ठरते. सोबत कोणता नमुनासंग्रह, त्याची कोणती आवृत्ती आणि कोणत्या सभागृहाचा प्रतिसाद वापरला, याचीही नोंद हवी. ज्या वादकांचे स्वर संग्रहात आहेत, त्यांनी ही रचना कधी पाहिलेलीही नसते. तरी प्रत्येक प्रयोगात हात त्यांचाच असतो. कर्तृत्वाचा निर्णय करताना अभ्यासकाला हा अदृश्य सहभाग वगळता येणार नाही.