सुगीच्या तोंडावरचा दुष्काळ

पीक हाताशी आल्यावर पावसाने दिलेली ओढ पेरणीच्या वेळच्या ओढीपेक्षा महाग पडते. पेरणीच झाली नाही तर बियाणे आणि खत निदान घरात राहते. दाणा भरायच्या दिवसांत ओल संपली तर मशागत, बियाणे, खत, औषध आणि मजुरी हा सगळा खर्च आधीच जमिनीत गेलेला असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जामखेड तालुक्यात असलेल्या खर्डा परिसरातील शेतकऱ्याला या संकटाला दोन हंगामांत तोंड द्यावे लागते.

१७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते हे खर्डा. बालाघाटच्या डोंगररांगेलगतच्या या गावाला बीड, धाराशिव आणि सोलापूर हे तिन्ही जिल्हे जवळ आहेत. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पुढच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ७५० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. तोही दोन टप्प्यांत येतो, जून-जुलैत एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा. मधल्या काळात दोन आठवड्यांपासून थेट दहा आठवड्यांपर्यंत उघडीप पडू शकते. त्यामुळे वर्षाची सरासरी गाठली गेली तरी पीक वाळलेले असते. पाऊस किती पडला याच्याइतकेच तो कधी पडला यालाही इथे महत्त्व आहे.

खरिपात या भागात उडीद, सोयाबीन, तूर आणि बाजरी घेतली जाते. लवकर पेरलेला उडीद सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत निघतो. सोयाबीनचा फुलोरा आणि शेंगा भरण्याचा काळ मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत सापडतो. फुलोऱ्यात ताण बसला तर फुले गळतात. शेंगा भरताना बसला तर दाणा बारीक आणि सुरकुतलेला राहतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३ चा ऑगस्ट हा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पाऊस झाला आणि महाराष्ट्रातले सोयाबीन ऐन शेंगांच्या अवस्थेत होरपळले.

अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच उपाय असतात. तण काढून पिकाच्या ओलीतला वाटेकरी कमी करायचा, शेततळ्यात किंवा विहिरीत पाणी असेल तर तुषार संचाने एक संरक्षित पाणी द्यायचे, नाहीतर सरीआड पाणी सोडायचे. पोटॅशियम नायट्रेटच्या एक टक्का द्रावणाची फवारणी केली तर पीक काही दिवस तग धरते. पण फवारणीने जमिनीत पाणी येत नाही, पुढच्या पावसापर्यंतचा वेळ तेवढा मिळतो. खरी सुरक्षा पेरणीच्या वेळीच घेता येते. सोयाबीनच्या तीन ओळींमागे तुरीची एक ओळ किंवा बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ पेरली की एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. तुरीचे मूळ खोल जाते आणि परतीच्या पावसावर ती पुन्हा उभारी धरते.

रब्बीचे गणित याहून वेगळे आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरलेल्या कोरडवाहू ज्वारीला पुढे पावसाचा भरवसा नसतो. सप्टेंबरच्या पावसाने जमिनीत साठवलेल्या ओलीवरच तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंतचे दिवस काढायचे असतात. म्हणून जमिनीची खोली हाच तिचा पाणीसाठा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर वाणांची शिफारस केली आहे. हलक्या जमिनीला लवकर येणाऱ्या फुले अनुराधा आणि फुले माऊली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा. उथळ रानात उशिरा येणारा वाण पेरला तर कणीस बाहेर पडण्याच्या सुमारासच ओल संपते.

उरलेली ओल राखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कोळपे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते उगीच नाही. पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, अशी शिफारस आहे. काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात आणि त्यांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळपे या भेगा बुजवते. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हापासून बांधबंदिस्ती, दोन ओळींत जास्त अंतर, कमी बियाणे आणि वेळेवर कोळपणी याच गोष्टी या भागातल्या शेतीचा पाया मानल्या जातात.

पाण्याची थोडी सोय असेल तर ज्वारीला ते कधी द्यायचे हे नेमके ठरवावे लागते. जोमदार वाढ, पोटरी, फुलोरा आणि दाणे भरणे या तिच्या चार नाजूक अवस्था आहेत. दाणे भरताना ओल तुटली तर दुसरेही संकट येते. ताणलेल्या ताटात खडखड्या रोगाची बुरशी शिरते, बुडखा पोकळ होतो आणि कणसासह पीक आडवे पडते. दाणा बारीक राहतो आणि कडब्याची प्रतही जाते.

कडब्याचे नुकसान इथे दाण्याइतकेच जिव्हारी लागते. ज्वारी घरच्या भाकरीचे धान्य आहे आणि गोठ्यातल्या जनावरांचा वर्षाचा चाराही. दुष्काळात दाणा भरणार नाही असे दिसले की पीक उभे ठेवायचे की चाऱ्यासाठी कापायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. लवकर कापले तर दाण्याची आशा सुटते. उशीर केला तर पाने गळून नुसते धाट उरते. खुरटलेल्या, फुलोऱ्यापूर्वीच्या हिरव्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल साठते आणि ती खाल्ल्याने जनावर दगावू शकते. म्हणून असा चारा हिरवा न घालता वाळवून घालावा लागतो.

हाच पेच जगातल्या आणखी एका मोठ्या कोरडवाहू पट्ट्यातही पडतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत तीव्र दुष्काळ पडला आणि देशाचे गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक घटले. सस्कॅचेवान प्रांताने तेव्हा पीक विम्याचे निकष सैल केले. धान्य होणार नाही असे पीक कापून किंवा चारून गुरे जगवावीत, त्यासाठी विम्याचा हक्क बुडू नये, हा त्यामागचा हेतू होता. तिथली शेते शेकडो एकरांची आणि इथली दोन-चार एकरांची, तरी दाणा की चारा हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सरकारी मदतीचे चाकही सुगीच्याच सुमारास फिरू लागते. पावसातील तूट, सलग कोरडे दिवस, जमिनीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हे निर्देशांक तपासून आणि प्रत्यक्ष शेतात पाहणी करून दुष्काळ ठरवण्याची पद्धत केंद्राच्या २०१६ च्या संहितेने घालून दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत जामखेड होता. दुष्काळ जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी आणि टँकर अशा सवलती मिळतात. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात चारा छावण्याही उभ्या राहिल्या. पीक विम्यात पूर्वी उत्पन्न निम्म्याखाली जाईल असे दिसल्यास हंगामाच्या मध्येच २५ टक्के आगाऊ भरपाईची तरतूद होती. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरते. महसूल मंडळात हे प्रयोग कधी आणि कोणत्या शेतात होतात याकडे शेतकऱ्याने लक्ष ठेवणे त्यामुळे जास्तच गरजेचे झाले आहे.

मदत पोहोचेपर्यंत घर चालवायचे असते. दिवाळीच्या आगेमागे या भागातली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. खरीप गेलेल्या वर्षी कोयता हाती घेण्यावाचून पुष्कळांना दुसरा मार्ग नसतो, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर ज्वारी काढण्याचा भार पडतो.

या सगळ्याची किल्ली विहिरीच्या पाण्यात आहे. दख्खनच्या कठीण खडकात भूजल थोडेच साठते आणि उपसा वाढला की हिवाळ्यातच विहिरी तळ गाठतात. उसासारखे वर्षभर पाणी पिणारे पीक त्यावर उभे केले तर शेजारच्या ज्वारीला लागणारे एक पाणीही उरत नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली वेगळी वाट घेतली. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते, पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवते. ऊस, केळी आणि सिंचनासाठी बोअरवेल यांना तिथे मनाई आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी गाव पेराच कमी करते.

खर्डा परिसरातल्या गावांनीही हा हिशेब ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायला हवा. किती विहिरींत किती पाणी आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, किती एकर ज्वारीला एक संरक्षित पाणी देता येईल, हे पेरणीआधी ठरले तर दाणा भरायच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती काही तरी उरते. पाऊस गावाच्या हातात नाही, पण पडलेल्या पाण्याची वाटणी गावाच्याच हातात आहे आणि ती वेळेवर झालीच पाहिजे.