दुःखाला माप नाहीं

‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें,’ असें आपण म्हणतों. परंतु ज्याचें जळलें त्याला दुसऱ्याची आग विझवितां येतेच, असें मात्र नव्हे. स्वतःचें दुःख दुसऱ्याचें औषध होण्यापूर्वीं त्यावर पुष्कळ संस्कार व्हावे लागतात. मनावरील आघातांवर उपचार करणाऱ्या डॉ. एडिथ एगर यांचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

एगरबाईंचा जन्म १९२७ सालीं कोशित्से या गांवीं, आजच्या स्लोव्हाकियांत, एका हंगेरियन ज्यू कुटुंबांत झाला. नृत्य व व्यायामकला यांत त्यांनीं लहानपणींच प्रावीण्य मिळविलें होतें. १९४४ च्या मे महिन्यांत, वय अवघें सोळा असतां, आईवडील व बहीण माग्दा यांच्यासह त्यांना ऑश्विट्झच्या छळछावणींत नेण्यांत आलें. कोणी जगावें व कोणी मरावें याची निवड करीत नाझी डॉक्टर मेंगेले तेथें उभा होता. “ही तुझी आई कीं बहीण?” असें त्यानें विचारतांच मुलीनें सरळपणें “आई” म्हणून सांगितलें, आणि आईची रवानगी विषारी वायूच्या कोठडीकडे झाली. पुढें याच मेंगेलेपुढें त्या मुलीला नृत्य करून दाखवावें लागलें! बक्षीस मिळालेला पाव तिनें सोबतिणींत वाटून खाल्ला. १९४५ च्या मे महिन्यांत अमेरिकन सैन्यानें सुटका केली, तेव्हां तिच्या पाठीचें हाड मोडलेलें होतें.

१९४९ सालीं एगरबाई पतीसह अमेरिकेस गेल्या. कित्येक वर्षें त्यांनीं भूतकाळाविषयीं मौन पाळलें. पुढें ऑश्विट्झमधूनच वांचलेले व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रँकल यांचें पुस्तक हातीं आलें आणि तें मौन हळूहळू सुटूं लागलें. संसार सांभाळून अध्ययन करीत १९७८ सालीं त्यांनीं मानसशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. परंतु इतरांना धीर देत असतां स्वतःच्या अंतःकरणांतील एक कप्पा मिटलेलाच आहे, हें त्यांना जाणवलें. म्हणून त्या मनाचा निर्धार करून पुन्हा ऑश्विट्झला गेल्या. आपल्या उत्तराचा परिणाम त्या सोळा वर्षांच्या मुलीला ठाऊक असणें शक्य नव्हतें, हें तेथें त्यांनीं स्वतःशीं मान्य केलें व स्वतःला क्षमा केली.

त्यांच्या उपचारांतील खरें मर्म ‘द चॉइस’ या २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांतील एका प्रसंगांत दिसतें. त्यांच्याकडे लागोपाठ दोन स्त्रिया आल्या. एकीची मुलगी रक्तस्रावाच्या असाध्य विकारानें मृत्युपंथास लागली होती; दुसरी, नव्या मोटारीचा पिवळा रंग मनासारखा नाहीं म्हणून रडत होती. छळछावणी भोगलेल्या बाईंनीं या दुसरीला हंसण्यावारी न्यावयास हवें होतें, असें कोणासही वाटेल. परंतु त्यांनीं तिचेंही तितक्याच आस्थेनें ऐकून घेतलें. रंगाची तक्रार हें केवळ निमित्त. तिच्यामागें आयुष्यांतील मोठी निराशा दडलेली आहे, हें त्यांनीं ओळखलें. दुःखांत उच्चनीच भाव नाहीं, असें त्यांचें मत आहे.

घरांतील सून, मुलगा किंवा वृद्ध आई डोळ्यांना पदर वा हात लावते, तेव्हां “त्यांत काय एवढें? आम्हीं काय काय सोसलें!” हे शब्द सहज आपल्या तोंडून निघून जातात. अशा वेळीं आपलें सोसणें दुसऱ्याला गप्प बसविण्याचें साधन होतें. एगरबाईंनीं मात्र आपलें सोसणें दुसऱ्याचें ऐकून घेण्याच्या कामीं लावलें. एवढें सोसूनही त्यांनीं आपल्या दुःखाचा मापदंड केला नाहीं, हेंच त्यांचें मोठेपण होय.