मणक्याचा ताठ पट्टा : उपयोग आणि बिल

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरला, की मणक्याला मार बसतो. विहिरीचे काम, बांधकामाची परांची, मोटारसायकल ही आणखी कारणे. डॉक्टर चिठ्ठीवर 'ब्रेस' लिहून देतात आणि नातेवाईक पैशांच्या मागे धावू लागतात. हा ब्रेस म्हणजे काय आणि त्याचे बिल कसे तपासावे, हे सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रथम फरक ध्यानात घ्यावा. दुकानात लटकलेला कमरेचा मऊ पट्टा वेगळा आणि मणक्याचा ताठ ब्रेस वेगळा. टेलर ब्रेसमध्ये पाठीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या असतात, खांद्यावरून व काखेतून पट्टे जातात आणि त्यामुळे पुढे-मागे वाकणे कमी होते. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स टेलर यांनी तो 1863 च्या सुमारास मणक्याच्या क्षयासाठी तयार केला. ॲश ब्रेस छातीचे हाड, ओटीपोटाखालचे हाड आणि पाठ अशा तीन ठिकाणी दाब देऊन रुग्णाला पुढे वाकू देत नाही. दबलेल्या मणक्याच्या फ्रॅक्चरला तो देतात. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या जाकिटाचा. तो बहुधा रुग्णाच्या अंगाचा साचा घेऊन बनवतात, म्हणून महाग पडतो.

ब्रेस हाड जोडत नाही. हाड आपोआप जुळते. ब्रेस फक्त हालचाल आवरतो, वेदना कमी करतो. मणक्याच्या क्षयात तर हे विशेष लक्षात ठेवावे. 1960 च्या दशकात कोरियातील पुसान येथे काही रुग्णांना औषधांबरोबर प्लॅस्टरचे जाकीट घातले, काहींना घातले नाही. औषधे नियमित घेणाऱ्यांत जाकिटामुळे निकालात फरक पडला नाही. तेव्हा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवणे हाच खरा उपचार होय. पट्टा घातला म्हणून गोळ्या सोडणारा रुग्ण स्वतःचे नुकसान करून घेतो. नुसत्या कंबरदुखीला तर पट्टा देऊ नये, असे ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे तो सर्रास विकला जातो, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

उलट वाढत्या वयातील मुलामुलींच्या वाकड्या कण्याला ब्रेसचा फायदा सिद्ध झाला आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. रोज जितके अधिक तास घालावा तितका गुण अधिक. शाळेत लाजून काढून ठेवणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावे.

ब्रेस आत सुती बनियन घालूनच बांधावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने कातडी लवकर सोलते. काढल्यावर अर्ध्या तासाने लाली जात नसेल तर दुरुस्ती करून घ्यावी. पायांना मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे, असे काही झाल्यास पट्टा आवळत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता बिलाकडे वळू. 'ऑर्थो साहित्य' अशी एकच ओळ आणि समोर मोठा आकडा, असे बिल स्वीकारू नये. ब्रेसचा प्रकार, माप, कंपनी, छापील किंमत हे स्वतंत्र लिहून मागावे. साचा घेण्याचे व बसवण्याचे शुल्क असेल तर तेही वेगळे. छापील किमतीत कर धरलेला असतो, तेव्हा तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. या उपकरणांवरील जीएसटी 18 जुलै 2022 पासून 12 वरून 5 टक्के करण्यात आला. हृदयाच्या स्टेंटच्या आणि कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर 2017 साली सरकारने मर्यादा घातली, तशी ती ब्रेसवर घातलेली नाही. म्हणून तयार ब्रेस दोन दुकानांत विचारून घ्यावा. रुग्णालयातूनच घ्या, असा आग्रह होत असेल तर कारण विचारण्यास संकोच नसावा.

आरोग्य विमा असलेल्यांनी विशेष सावध राहावे. पॉलिसीत ज्यांचा खर्च सहसा धरला जात नाही, त्या वस्तूंच्या विमा नियामकाच्या यादीत पट्टे व ब्रेस आहेत. दावा करण्याआधी पॉलिसीची ती पाने वाचावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल रुग्णाकडून मंजूर पॅकेजव्यतिरिक्त पैसे घ्यायचे नसतात. आपल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये ब्रेस धरला आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे, घरी निघताना नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तेथे शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. मुंबईला जाणे शक्य असल्यास हाजी अली येथील, 1955 साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत ब्रेस बनवण्याची कार्यशाळा आहे.

बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ब्रेसच्या खोक्यावरील छापील किमतीचे लेबल ही तिन्ही जपून ठेवावीत. तक्रार करण्याची वेळ आली तर ग्राहक आयोगापुढे हेच कागद लागतात.