विहिरीला आपण देतो, डोंगराला कोण देणार?

मरहूम आई-वडिलांच्या नावाने गावात विहीर किंवा बोअर खोदून द्यायची, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. सदका-ए-जारियाच्या नियतीने दिलेल्या त्या पाण्याने कितीतरी वाड्या-वस्त्यांची तहान भागली. पण हल्ली एक गोष्ट आपण सगळेच पाहतो. विहीर शाबूत असते, पंप असतो, पाटीवर नावही असते. मार्च उजाडला की तळ दिसू लागतो. कोकणात धो धो पाऊस पडूनही हीच गत, आणि मराठवाड्यात तर पाऊसच तोलूनमापून येतो.

विहिरीत येते ते वरच्या डोंगरात, माळावर आणि शेतांत मुरलेले पावसाचे पाणी. ते तिथे थांबलेच नाही, तर विहीर आणखी खोल नेऊन किती दिवस पुरणार? म्हणून माथ्यावर समपातळी चर, मधल्या उतारावर शेतांना बांध, ओढ्यात दगडी बांध आणि शेवटी खाली सिमेंटचा बांध, असा माथा ते पायथा क्रम ठरलेला आहे. याला पाणलोटाचे काम म्हणतात. महाराष्ट्रात हे काम उभे करण्यात छोट्या स्वयंसेवी संस्थांचा मोठा हात आहे. त्यांना पैसा कुठून मिळतो आणि कुठे अडतो, हे दान देणाऱ्या घरांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

आधी माणसे, मग बांध

या बाबतीत नगर जिल्ह्याने घालून दिलेला धडा आजही उपयोगी आहे. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा होता, तो नाबार्डमार्फत येत होता. गावांची आणि छोट्या संस्थांची तयारी करून घेण्यासाठी 1993 मध्ये ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमात पैसा दोन टप्प्यांत मिळे. पहिल्या टप्प्यात एक लहानसा तुकडा निवडून काम करायचे. तेवढ्यात गावकऱ्यांनी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ग्रामसभेतून पाणलोट समिती नेमायची, आणि संस्थेने हिशेब ठेवायला शिकायचे. हे जमले तरच दुसऱ्या टप्प्याचे मोठे अनुदान मिळे. मजुरीच्या खर्चाचा काही हिस्सा गावाने श्रमदानातून उचलायचा, अशीही अट होती. म्हणजे शिकण्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा पैसा ठेवलेला होता. हीच वाट पुढे चालावी म्हणून 1999-2000 मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला. त्यात केंद्र सरकारने 100 कोटी आणि नाबार्डने 100 कोटी रुपये घातले.

सरकारी योजनांनीही ही गोष्ट काही अंशी मान्य केली. केंद्राच्या 2008 च्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत दर 100 रुपयांपैकी 50 रुपये प्रत्यक्ष कामांसाठी ठेवले होते. 10 रुपये प्रशासनाला, 5 रुपये संस्थाबांधणी आणि प्रशिक्षणाला, 1 रुपया सविस्तर आराखड्याला. खासगी जमिनीवरच्या मृद-जलसंधारणाच्या कामात शेतकऱ्याने किमान 10 टक्के वाटा द्यायचा; अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी तो 5 टक्के. हा वाटा गावाच्या निधीत जमा करून पुढे दुरुस्तीसाठी वापरायचा. बांध बांधला की काम संपत नाही. दोन-चार पावसाळ्यांत गाळ साचतो, चर बुजतात, दगड सरकतात, तेव्हा हा निधी कामी येतो.

कंपन्यांचा पैसा

कंपनी कायदा 2013 नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर म्हणतात. माती-पाण्याचे संवर्धन या कामांच्या यादीत आहे. पण 1 एप्रिल 2021 पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. त्यासाठी साधारणपणे आयकराची 12 ए आणि 80 जी ही दोन्ही प्रमाणपत्रे हवीत आणि किमान तीन वर्षे काम केल्याचा पुरावा हवा.

इथे छोटी संस्था अडखळते. काम दाखवल्याशिवाय पैसा नाही आणि पैशाशिवाय काम नाही. शिवाय देणाऱ्याला बांधाचा फोटो हवा असतो. बैठका घेणारा कार्यकर्ता, शेतकऱ्यांची समजूत काढणारी ताई, मोजमाप करणारा तरुण, हे फोटोत दिसत नाहीत. त्यांचा पगार मागितला की कपाळाला आठ्या पडतात. मग कार्यकर्ते शहराकडे निघून जातात आणि दोन वर्षांनी बांधाला विचारणारा कोणी उरत नाही.

परदेशातून पाठवताना

आखातात कमावणाऱ्या आपल्या भावंडांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, फार कडक झाला. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायची. एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. पूर्वी मोठी संस्था परदेशातून निधी आणून तालुक्यातल्या लहान संस्थांना वाटू शकत असे. तो रस्ता बंद झाला.

मात्र भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारी व्यक्ती स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवते, तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी मात्र परदेशीच धरली जाते, मग ओसीआय कार्ड असले तरीही. म्हणून पैसे स्वीकारताना देणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत ठेवलेली बरी. दहा जणांची वर्गणी एकाच्या नावावर पाठवू नये. ज्याची त्याने आपल्या खात्यातून द्यावी.

आपल्याला काय करता येईल

गावात पाण्यावर काम करणारी संस्था असेल, तर आधी तिचे कागद पाहावेत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दर वर्षीचे ऑडिट, विश्वस्त बदलले असतील तर दाखल केलेला चेंज रिपोर्ट. हे मागण्यात अविश्वास नाही. दिलेला पैसा अमानत आहे, आणि प्रामाणिक संस्थेला हिशेब दाखवताना आनंदच होतो. कागद अपुरे असतील तर एखाद्या जाणत्या भावाने किंवा शिकलेल्या मुलीने ते पूर्ण करून द्यावेत. ही मदतसुद्धा देणगीइतकीच मोलाची आहे.

संस्था नसेल तर वनराई बंधाऱ्यापासून सुरुवात करता येते. पाऊस ओसरल्यावर ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून त्या आडव्या रचायच्या. खर्च किरकोळ, मेहनत गावाची. मात्र ग्रामपंचायतीला विचारून आणि सगळ्या समाजांना सोबत घेऊनच करावे. ओढा कुठल्या एका मोहल्ल्याचा नसतो. तारीख, माणसे, खर्च आणि फोटो यांची वही ठेवावी. उद्या नाबार्डकडे किंवा कंपनीकडे जायचे झाले, तर हीच वही पहिला पुरावा ठरेल.

आणि विहिरीसाठी देणगी काढताना तिचे तीन भाग करावेत, अशी आमची सूचना आहे. एक विहिरीला, एक तिच्या वरच्या उताराला, आणि एक पुढच्या दुरुस्तीला. पाटीवर नाव एकदाच लागेल, पण विहीर मे महिन्यातही पाणी देत राहील.