भट्टी, छठ आणि मतदान

2023 साली दिवाळी 12 नोव्हेंबरला होती आणि छत्तीसगढच्या दुसऱ्या टप्प्याचं मतदान 17 नोव्हेंबरला. नेमकं त्याच दिवशी नहाय-खाय, म्हणजे छठपूजेचा पहिला दिवस. रायपूरच्या वायव्येला असलेल्या उरला औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिल आणि फेरोअलॉयच्या भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले पुष्कळ कामगार राबतात. त्यातल्या बिहारी घरांपुढे त्या आठवड्यात प्रश्न होता तो गाडी पकडायची की मतदानाला थांबायचं, हा.

मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्याने रोजंदारीवाल्यालाही मिळते. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135-ब कलमातच एक पळवाट आहे: ज्याच्या गैरहजेरीमुळे धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. तापलेली भट्टी कुणी मतदानासाठी विझवत नाही. तेव्हा पाळी सांभाळून केंद्र गाठायचं, तेही नाव इथल्या यादीत असेल तर. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, आणि कित्येकांचं नाव अजून गावाकडेच असतं. उरल्याचा धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांतल्या बऱ्याच जणांना उरल्याचा आमदार निवडता येत नाही. मला तरी उरल्याच्या मतदारसंघातली मुख्य गोष्ट हीच वाटते.

उरला येतं बीरगाव महानगरपालिकेत, आणि बीरगाव विधानसभेच्या 48 क्रमांकाच्या मतदारसंघात. निवडणूक आयोगाच्या यादीतलं त्याचं नाव ‘रायपूर नगर ग्रामीण’. नगरही आणि ग्रामीणही! नाव विनोदी असलं तरी खोटं नाही. चिमण्यांच्या पलीकडे धानाची शेतं आहेत, आणि तिथल्या साहू समाजाची मतं कुठलाही पक्ष डोळ्याआड करत नाही.

2008 च्या फेररचनेत शेजारचा मंदिर हसौद मतदारसंघ नकाशावरून गेला. तिथून अनेकदा निवडून आलेले काँग्रेसचे सत्यनारायण शर्मा इकडे आले आणि पहिल्याच झटक्यात भाजपच्या नंदकुमार साहूंकडून हरले. 2013 मध्ये शर्मांनी उट्टं काढलं, पण 2 हजारांच्याही आतल्या फरकाने. 2018 च्या काँग्रेस लाटेत (90 पैकी 68 जागा) त्यांनी साहूंना पुन्हा, या वेळी आरामात, हरवलं. 2023 मध्ये काँग्रेसने त्यांचे चिरंजीव पंकज शर्मा यांना उभं केलं, आणि भाजपच्या मोतीलाल साहूंनी 35 हजारांहून अधिक मतांनी जागा खेचली. त्या निवडणुकीत राज्यही भाजपकडे गेलं, 54 जागांनिशी.

लोकसभेचं चित्र इतकं हेलकावत नाही. रायपूरहून रमेश बैस 7 वेळा खासदार झाले. 2009 मध्ये त्यांनी हरवलेले भूपेश बघेल पुढे मुख्यमंत्री झाले, आणि स्वतः बैस 2023 मध्ये आपल्याकडे महाराष्ट्रात राज्यपाल म्हणून आले. तसं रायपूरशी आपलं नातं जुनंच. भोसल्यांचा अंमल सोडून दिला, तरी 1956 पर्यंत रायपूरचे आमदार नागपूरच्याच विधानसभेत बसत. तेव्हाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्लही रायपूरचेच. पुढे भोपाळ, आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून राजधानी रायपूरलाच.

मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. तेव्हापासून बीरगावात वस्ती भरत गेली, पालिकेची महानगरपालिका झाली, 40 वॉर्ड पडले. आमदार मात्र एकच. राज्यघटनेप्रमाणे जागांची नवी वाटणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबलेली आहे. त्या आकड्यांत उरल्याच्या खोल्यांमधली माणसं मोजली जातील, मग त्यांचं मत कुठेही असो.