प्रो स्ट्रीट ट्रक

प्रो स्ट्रीट ट्रक : सरळ धावपट्टीवरील अल्प अंतराच्या वेगशर्यतीसाठी (ड्रॅग शर्यतीसाठी) तयार केलेल्या मोटारगाडीचे एंजिन, अतिरुंद मागील टायर व सांगाड्याची रचना ज्यात वापरलेली असते, परंतु ज्याची नोंदणी सार्वजनिक रस्त्यावरील वाहन म्हणून झालेली असते, अशा हलक्या मालवाहू मोटारगाडीस प्रो स्ट्रीट ट्रक म्हणतात. येथे ट्रक म्हणजे अवजड मालमोटार नसून मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी होय. ‘प्रो’ हा शब्द ‘प्रो स्टॉक’ या शर्यतीच्या वर्गावरून आला असून ‘स्ट्रीट’ या शब्दाने गाडी रस्त्यावर चालविण्याजोगी असल्याचे सूचित होते. हा प्रकार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे.

शर्यतीत एंजिनाकडून पूर्ण शक्ती केवळ काही सेकंद घेतली जाते. रस्त्यावर मात्र ते तासन्‌तास अल्प भाराखाली चालते, चौकात थांबते, उन्हात तापते व थंडीत सुरू करावे लागते. या परस्परविरोधी गरजा एकाच वाहनात भागविणे हीच प्रो स्ट्रीट ट्रकच्या बांधणीतील मूळ समस्या होय. दोन कार्ब्युरेटर बसविलेल्या एंजिनाच्या बाबतीत ती विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्थेने पाव मैल (सु. ४०२ मी.) अंतराच्या शर्यतींना नियमबद्ध स्वरूप दिले. या संस्थेने १९७० मध्ये प्रो स्टॉक हा वर्ग सुरू केला. त्यातील गाड्या बाहेरून कारखान्यातील नेहमीच्या गाड्यांसारख्या दिसत. पण त्यांचे सांगाडे, टायर व एंजिने खास शर्यतीची असत. या गाड्यांचे बाह्यरूप व यंत्ररचना रस्त्यावरील गाड्यांत आणण्याची प्रथा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १९८० नंतरच्या दशकात तिला बहर आला. प्रथम मोटारी व नंतर पिकअप गाड्याही अशा प्रकारे बांधल्या जाऊ लागल्या.

एका एंजिनावर चार कंठांचे दोन कार्ब्युरेटर बसविण्याची पद्धत याहून जुनी आहे. क्रायस्लर कंपनीच्या १९५५ सालच्या सी-३०० या मोटारगाडीचे ३३१ घन इंची (सु. ५·४ लिटर) एंजिन अशा दोन कार्ब्युरेटरांच्या साहाय्याने ३०० अश्वशक्ती देत असे. याच कंपनीच्या १९६६ मधील ४२६ घन इंची (सु. ७ लिटर) ‘हेमी’ एंजिनाची घोषित शक्ती ४२५ अश्वशक्ती होती. प्रो स्टॉक वर्गात ५०० घन इंची (सु. ८·२ लिटर) एंजिनांवर दोन मोठे कार्ब्युरेटर हीच रचना २०१५ च्या हंगामापर्यंत प्रचारात होती. २०१६ पासून त्या वर्गात इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण सक्तीचे झाले.

वाहन व सांगाडा : या कामासाठी आखूड हौद्याच्या जुन्या पिकअप गाड्या पसंत केल्या जातात. शेव्हरोले कंपनीची १९६७–७२ या काळातील सी-१० ही गाडी याचे चांगले उदाहरण होय. आखूड हौद्याच्या नमुन्यात तिच्या पुढील व मागील आसांमधील अंतर ११५ इंच (सु. २९२ सेंमी.) आहे. तिचा शिडीसारखा स्वतंत्र पोलादी सांगाडा चालककक्षापासून वेगळा करता येतो व एंजिनासाठी भरपूर जागा मिळते.

प्रो स्ट्रीट गाडीचे टायर मागील पत्र्याच्या बाहेर न काढता आत बसवावयाचे असतात. १८·५ इंच (सु. ४७ सेंमी.) रुंद व ३१ इंच (सु. ७९ सेंमी.) व्यासाचे टायर मूळ सांगाड्यात मावत नाहीत. त्यामुळे चालककक्षामागील सांगाडा कापून तेथे चौकोनी नळ्यांचा अरुंद सांगाडा जोडतात, मागील आस दोन्ही बाजूंनी आखूड करतात व हौद्यात टायरांसाठी पत्र्याचे मोठे गोलाकार कोश बसवितात. यानंतर हौद्यात माल वाहण्यास फारशी जागा उरत नाही.

मागील आस सांगाड्याला बहुधा चार दांड्यांनी जोडतात. प्रत्येक बाजूच्या वरच्या व खालच्या दांडीच्या रेषा पुढे वाढविल्या असता त्या एका काल्पनिक बिंदूत मिळतात. या बिंदूच्या स्थानावर निघतेवेळी मागील टायर जमिनीवर किती जोराने दाबले जातील हे अवलंबून असते. दांड्यांची टोके निरनिराळ्या छिद्रांत बसवून हा बिंदू सरकविता येतो. आस आडवी सरकू नये म्हणून एक तिरपी दांडी, आणि भार पेलण्यासाठी धक्काशोषकाभोवती बसविलेली वेटोळी स्प्रिंग वापरतात.

पिकअप गाडीत भारविभागणीचा प्रश्न मोटारीपेक्षा बिकट असतो. हौदा रिकामा असताना निम्म्याहून बरेच अधिक वजन पुढील चाकांवर असते. त्यात लोखंडी एंजिनाची भर पडते. म्हणून पेट्रोलची टाकी व विद्युत्‌ घटमाला हौद्याच्या तळाशी नेतात. भार मागे नेण्यालाही मर्यादा आहे. डॉज ए-१०० या पिकअपमध्ये चालककक्षाच्या मागे हेमी एंजिन बसवून तयार केलेली ‘लिटल रेड वॅगन’ ही गाडी १९६० नंतरच्या दशकात पुढील चाके अधांतरी उचलून धावण्याबद्दल प्रसिद्ध झाली. प्रेक्षकांना ते आकर्षण ठरले. रस्त्यावरील वाहनाची पुढील चाके मात्र जमिनीवरच राहावयास हवीत, कारण सुकाणू त्यांच्याच हाती असते.

एंजिन व दोन कार्ब्युरेटर : दोन कार्ब्युरेटर बसविल्याने एंजिनात दुप्पट पेट्रोल जाते, हा समज बरोबर नाही. एंजिन किती हवा ओढते हे त्याच्या घनफळावर, फेऱ्यांवर व सिलिंडर भरण्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते. कार्ब्युरेटर त्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळतो. उदा., शेव्हरोलेचे ४५४ घन इंची (सु. ७·४ लिटर) एंजिन मिनिटास ६,५०० फेरे करीत असता, चतुर्धाव चक्रामुळे ३,२५० वेळा भरते. पूर्ण भरणी गृहीत धरल्यास त्याला मिनिटास सु. २४ घ. मी. हवा लागते. अमेरिकन पद्धतीने हे प्रमाण सु. ८५५ घ. फुट होते. म्हणजे प्रत्येकी ४५० घ. फुट क्षमतेचे दोन कार्ब्युरेटर या एंजिनास पुरतात. त्यांहून पुष्कळ मोठे कार्ब्युरेटर बसविल्यास कंठातील हवेचा वेग घटतो, तोटीतून पेट्रोल नीट ओढले जात नाही व मंद गतीस एंजिन अडखळते.

दोन कार्ब्युरेटरांचा खरा लाभ मिश्रणाच्या वाटणीत असतो. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनावर एकच कार्ब्युरेटर मध्यभागी असल्यास टोकाकडील सिलिंडरांच्या नळ्या लांब व वाकड्या होतात. ‘टनेल रॅम’ या रचनेत दोन्ही कार्ब्युरेटर एकामागे एक एका सामाईक पेटीवर बसवितात आणि तेथून प्रत्येक सिलिंडरकडे जवळजवळ सारख्या लांबीची, सरळ व उंच नळी उतरते. आदान झडप मिटल्यावर नळीत उठणारी दाबतरंग-लहर परत फिरून पुढील वेळी झडप उघडी असताना पोहोचेल अशी नळीची लांबी ठेवल्यास सिलिंडर अधिक भरतो. हा मेळ फेऱ्यांच्या एका ठराविक पल्ल्यातच साधतो व टनेल रॅममध्ये तो पल्ला बराच वरचा असतो. खालच्या फेऱ्यांना रुंद नळ्यांतील प्रवाह मंद असतो. पेट्रोलचे थेंब हवेतून गळून तळाशी साचतात व थंड एंजिन सुरू करणे कठीण जाते. म्हणून रस्त्यावरील गाडीसाठी लहान छेदाच्या नळ्या व लहान कार्ब्युरेटर घेणे श्रेयस्कर असते.

जुळणी : दोन्ही कार्ब्युरेटरांच्या नियंत्रण झडपा जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. क्रमिक पद्धतीत पायपट्टी दाबताना प्रथम एक कार्ब्युरेटर व नंतर दुसरा उघडतो. मूळ कारखान्यात बसविलेल्या अनेक जोड्यांत हीच योजना असे. टनेल रॅममध्ये मात्र दोन्ही एकाच वेळी सारखे उघडणारी जोडणी पसंत करतात. अन्यथा पुढील व मागील सिलिंडरांना असमान मिश्रण मिळते.

जुळणीस प्रज्वलनाच्या वेळेपासून आरंभ करतात. नंतर जोडदांडी सोडवून, दोन्ही कार्ब्युरेटरांतून जाणारी हवा प्रवाहमापकाने सारखी करतात, मिश्रणाचे स्क्रू सारखेच फिरवितात व मगच दांडी पुन्हा जोडतात. एंजिन बंद ठेवून पायपट्टी तळापर्यंत दाबल्यावर सर्व आठ झडपा पूर्ण उघडतात आणि पाय काढताच पूर्ण मिटतात, याची खात्री करणे अत्यावश्यक असते. झडपांवर परत ओढणाऱ्या किमान दोन स्वतंत्र स्प्रिंगा असाव्या लागतात. एक तुटली तरी दुसरीने झडप मिटली पाहिजे; उघडी राहिलेली झडप म्हणजे न थांबणारी गाडी होय.

शर्यतीच्या कॅमदंडामुळे आणखी एक अडचण उद्‌भवते. आदान व उत्सर्जन झडपा अधिक काळ एकत्र उघड्या राहिल्याने मंद गतीतील आदान नळीतील निर्वात कमी होतो. साध्या एंजिनात तो पाऱ्याच्या सु. ४५ सेंमी. इतका असतो, येथे तो २० सेंमी. किंवा त्याहून खाली येतो. कार्ब्युरेटरातील जादा पेट्रोल देणारी शक्तिझडप निर्वात घटताच उघडते. तिचे मूल्य न बदलल्यास एंजिन उभ्या जागी काळा धूर ओकते व प्रज्वलक काजळतात. याच कारणाने निर्वातावर चालणारे ब्रेकचे साहाय्यक उपकरणही दुर्बल होते. अशा प्रकारे शक्तीसाठी केलेला बदल थेट गाडी थांबविण्याच्या क्षमतेवर परिणाम करतो. त्यावर उपाय म्हणून स्वतंत्र निर्वात पंप किंवा साहाय्याविना चालणारा योग्य व्यासाचा ब्रेकचा मुख्य सिलिंडर वापरतात.

पेट्रोलपुरवठा : महत्तम शक्तीसाठी वजनाने सु. १२·५ भाग हवेस एक भाग पेट्रोल लागते. वरील एंजिनास पूर्ण शक्तीच्या वेळी मिनिटास सु. ३ लिटर पेट्रोल द्यावे लागते. म्हणून विद्युत्‌ पंप, जाड नळ्या व दाबनियंत्रक यांची योजना करतात. नियंत्रकापासून प्रत्येक कार्ब्युरेटरास स्वतंत्र व सारख्या लांबीची नळी नेतात. दाब दर चौ. सेंमी.ला सु. ०·४५ किग्रॅ. पुरेसा असतो, तो फार वाढल्यास पेट्रोल-कक्ष ओसंडतो व तप्त एंजिनावर पेट्रोल सांडून आग लागू शकते.

गती व सुरक्षितता : मागील आसेचे दंतचक्र गुणोत्तर हीही एक तडजोडच असते. ३१ इंची टायर व सरळ उच्चतम गिअर असताना ४·१० गुणोत्तराने ताशी १०० किमी. वेगास एंजिन मिनिटास सु. २,७६० फेरे करते. ४·८८ गुणोत्तराने तेच सु. ३,२९० होतात. दुसऱ्या गुणोत्तराने गाडी जोरात निघते, पण लांबच्या प्रवासात आवाज, उष्णता व पेट्रोलचा खप वाढतो.

रुंद टायर कोरड्या पट्टीवर पकड देतात; परंतु ओल्या रस्त्यावर त्यांच्याखाली पाण्याचा थर साचून ते तरंगू लागतात. हौदा हलका असल्याने जोरात ब्रेक लावताच मागील चाके अडकण्याचा संभव असतो. त्यासाठी पुढील व मागील ब्रेकच्या दाबाचे प्रमाण बदलणारी झडप बसवितात. चालक दंडाचा सांधा तुटल्यास दंड रस्त्यात रुतू नये म्हणून त्याभोवती पोलादी कडे लावतात. चालककक्षातील नळ्यांचा पिंजरा गाडी उलटल्यास रक्षण करतो. मात्र शिरस्त्राण न घालता रस्त्यावर चालविताना तीच नळी डोक्यास घातक ठरू शकते. म्हणून ती डोक्यापासून दूर ठेवून तिच्यावर जाड गादी बसवितात. बॉनेटमधून वर आलेले कार्ब्युरेटर व हवेचा डबा चालकाची दृष्टी अडवितात, ही बाबही उंची ठरविताना लक्षात घ्यावी लागते.

कायदेशीर बाजू : अमेरिकेतील स्वच्छ हवा कायदा वाहनांवरील उत्सर्जन-नियंत्रक साधने काढून टाकण्यास मनाई करतो. मोटारगाड्यांच्या उत्सर्जनाची राष्ट्रव्यापी मानके १९६८ च्या नमुन्यांपासून लागू झाली. जुन्या पिकअप गाड्यांना असलेल्या पसंतीमागे हेही एक कारण आहे. राज्याराज्यांतील तपासणीचे नियम मात्र भिन्न आहेत.

मूल्यमापन : १९८० नंतरच्या दशकात अनेक प्रो स्ट्रीट गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या की, त्या प्रदर्शनाबाहेर क्वचितच चालत. याउलट, २००५ साली सुरू झालेल्या ‘ड्रॅग वीक’ या उपक्रमात स्पर्धकांना पाच दिवस निरनिराळ्या धावपट्ट्यांवर शर्यत करून, मधले सु. १,००० मैल (सु. १,६०० किमी.) अंतर त्याच गाडीने, सोबत मदतीचे वाहन न घेता, कापावे लागते. अशा कसोटीत केवळ अश्वशक्ती उपयोगी पडत नाही. मंद गतीस स्थिर चालणारे एंजिन, थंड राहणारा प्रारक आणि विश्वासू ब्रेक यांचेही तितकेच महत्त्व असते. इंधन-अंतःक्षेपणामुळे यांतील बऱ्याच अडचणी सुलभ झाल्या असल्या, तरी साध्या हत्यारांनी उघडता व जुळविता येणारी दोन कार्ब्युरेटरांची जोडी हौशी बांधणाऱ्यांत टिकून आहे. ती यशस्वी झाली की नाही हे धावपट्टीवरील वेळेइतकेच गाडी स्वतःच्या चाकांवर घरी परतते की नाही यावरूनही ठरते.