शंकरपटाचा एक दिवस

गेल्या माघांत उमरेडजवळच्या एका खेड्यांत शंकरपट पाहण्याचा योग आला. निघतांना आमच्या धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, बैलांना धांवायला आवडतें का?" सारा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तो प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही निघालों.

पश्चिम महाराष्ट्रांतील वाचकांस बैलगाड्यांची शर्यत ठाऊक आहे. तिचें वैदर्भीय रूप म्हणजे शंकरपट; लोक नुसतें 'पट' म्हणतात. खरिपाचें पीक घरांत आलें, कीं दिवाळीनंतर पटांचा हंगाम सुरू होतो. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट दूरवर प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे झाडीपट्टींत तर दिवसा पट आणि रात्रीं नाटक, असा जोडच ठरलेला. त्या निमित्तानें लेकी माहेरीं येतात, पाहुण्यांनीं घरें भरतात.

रिकाम्या वावरांत सरळ धांव आखलेली होती. दोहों बाजूंस माणसांची भिंत. हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी आणि वर धुरकरी. इशारा झाला, कीं धुरळ्याचा एक लोट उठतो, आणि 'आली, आली' म्हणेपर्यंत जोडी पलीकडे पोंचलेली असते. पूर्वीं पंचांच्या नजरेवर निकाल लागे. आतां सेकंदाचे अंश मोजणारीं यंत्रें आलीं आहेत.

हा षोक आजकालचा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ व्या सूक्तांत मुद्गलाची कथा आहे. त्याची पत्नी सारथी होऊन बैलाचा रथ हांकते आणि जिंकते. तें युद्ध होतें कीं शर्यत, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. परंतु बैलाच्या वेगाचें कौतुक त्यांत आहे, हें निर्विवाद.

तथापि प्राचीन तें सर्व निर्दोष, असें आम्ही मानीत नाहीं. पराणी टोंचणें, शेपटी पिरगाळणें हे प्रकार आम्हीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. अशाच क्रौर्यामुळें सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यतींस मनाई केली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली. पण प्रकरण पुनः न्यायालयांत अडकलें. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बैलास इजा झाल्यास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद आहे.

विलायतेंतही असाच एक षोक आहे. १९५४ सालीं लंडनच्या न्यू क्रॉस मैदानावर मोटारींच्या अशा शर्यती सुरू झाल्या, कीं ज्यांत आखूड वर्तुळाकार धांवेवर एकमेकींस धडका देण्याची मुभा असते. पुढें मोडीच्या मोटारीही त्यांत उतरूं लागल्या. मोटार मोडली तर भंगारांत जाते; तिला वेदना नाहीं. बैलास ती आहे, आणि ती सांगण्यास वाणी नाहीं. सारा भेद येथेंच आहे.

दुपारीं एक गृहस्थ पाया पडले. हे आमचे जुने विद्यार्थी. पटासाठीं शाळा बुडविली म्हणून आम्हीं यांना एकदां छडीनें मारलें होतें. बंदीच्या वर्षांत, शेतीला ट्रॅक्टर आला तरी, यांनीं जोडी विकली नाहीं. "गुरुजी, कडब्यासाठीं उसनवारी केली, पण लेकरें कोणी विकतें का?" असें ते म्हणाले.

त्यांची पाळी आली. जोडी जुंपली. इतक्यांत डावा बैल मागचा पाय किंचित् उचलून ठेवतो आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. आम्हांस तें दिसलेंही नसतें. त्यांनीं खूर चांचपला, क्षणभर उभे राहिले आणि जूं सोडलें. प्रवेशाचे पैसे बुडाले. गर्दींतून हंसण्याचे, टोमण्यांचे आवाज आले. ते खालीं मान घालून जोडी झाडाखालीं घेऊन गेले आणि बैलाचा पाय पाण्यानें धुऊं लागले.

तेथें कोणी अधिकारी पाहत नव्हता. कायद्याचें कलमही त्यांस आठवलें नसावें. आम्हांस मात्र आमची छडी आठवली, आणि मान खालीं गेली. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याचा त्या झाडाखालीं उलगडा झाला.

रात्रीं नातवास आम्हीं ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे बैलांना आवडतें कीं नाहीं, हें त्यांना कळतें." कायदा हवाच, पण तो धांवेच्या कडेला उभा असतो. कासरा ज्याच्या हातीं, त्याच्या अंतःकरणांत दया असेल, तरच पट हा खेळ. एरव्हीं तो केवळ छळ होय.